पाचव्या पानावरचा भाऊ

मालकांचा फोन आला म्हणून लीडकाकांना सख्ख्या भावाची बातमी पाचव्या पानावर ढकलावी लागली, अशी कुजबुज आमच्या सांजदैनिकात कित्येक वर्षं चालली. सांगणारा आवाज खाली आणायचा, ऐकणारा हळहळायचा.

लीड म्हणजे पहिल्या पानावरची मुख्य बातमी. ती ठरवणं हे काकांचं काम, आणि खोडही. घरात दूध नासलं तरी विचारायचे, "किती कॉलम?" बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाएवढे!" नव्या वार्ताहरांना दटावायचे, "सगळ्यात मोठी ती लीड नव्हे रे. जी छापली नाही तर उद्या कुणाचं तरी वाटोळं होईल, ती लीड. स्टॉलवर पेपर घडी घालून ठेवतात. वरचं अर्धं पान दिसतं, तेवढंच जग."

मग कारखान्यातला बॉयलर फुटला. तिघं गेले, त्यांत काकांचे थोरले भाऊ. चौथ्या दिवशी कंपनीने जाहीर केलं, चूक त्या भावाचीच. पान लागायच्या आत वहिनी ऑफिसात हजर. हातात नवऱ्याने दोन महिन्यांपूर्वी केलेल्या तक्रारीची प्रत, 'बॉयलरची झडप अडकते, तपासा', खाली कंपनीचा शिक्का.

"भाऊजी, हे वर लावा. उद्या चौकशीवाले येताहेत. त्यांच्या डोळ्यांत भरू दे. मेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवताहेत हो!"

"वहिनी, घरी जा. मी आहे ना."

होते खरे! त्या दुपारची लीड होती नव्या उड्डाणपुलाच्या रंगाची. हिरवा की निळा, आठ कॉलम. पाचव्या पानावर, राशिभविष्याला चिकटून, कंपनीचा खुलासा. तक्रारीचा उल्लेखही नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी जेवणाआधीच आटोपली. चूक भावाचीच ठरली. वहिनी पुन्हा दिराच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

आम्ही कीव केली ती काकांची. "मालकांपुढे कुणाचं चालतंय, काका?" म्हटलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "जाऊ द्या हो."

त्यांच्या निरोपसमारंभात कुणीतरी भाषणात मालकांच्या त्याच फोनचा विषय काढला. ऑफिसातल्या टेलिफोनवाल्या बाई ताडकन उठल्या.

"त्या दिवशी बोर्डावर मीच होते, येणारा प्रत्येक फोन मीच जोडत होते. कसला फोन, काका?"

काका हारातली पाकळी खुडत बसले.

फोन आला नव्हता. मालकांना आवडणार नाही असं वाटून काकांनी बातमी आपणहून खाली नेली होती.