जलोरी खिंडीच्या अलीकडे

यशवंत बनसोडे एकतीस वर्षं एसटीच्या तपासणी पथकात होता. भरल्या गाडीत चढला की नुसत्या माना बघून तो बिनतिकिटाचा माणूस हुडकायचा. निवृत्त झाला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून दवाखान्यात पडला, तेव्हा नर्सनं सलाईन लावायच्या आधी त्यानं बाटलीवरची तारीख वाचून घेतली होती. बायको चांगुणा तेव्हा कपाळाला हात लावून बसली होती.

अशा माणसाला प्रभु आणि गुरुशांत सहलीला घेऊन निघाले. तिघं शाळेपासूनचे सोबती. प्रभुचं नवी पेठेत कापडाचं दुकान, गुरुशांत चित्रकलेचा मास्तर. दिवाळी उरकली, प्रभुनं दुकान मुलावर सोपवलं, गाडीत तंबू, गॅसची छोटी शेगडी, कडक भाकरी अन् शेंगाचटणी भरली. सोलापूर ते हिमाचलातली जलोरी खिंड, वाटेत आवडेल तिथं मुक्काम.

यशवंताला पहिला संशय महेश्वरच्या मुक्कामी आला. नर्मदेकाठी तंबू ठोकून झाला, सूर्य पाण्यात उतरत होता, गुरुशांत चित्र काढत बसला होता. तेवढ्यात प्रभु फोन घेऊन लांब गेला. आल्यावर म्हणाला, "दुकानचा होता." मुलाशी बोलायला एवढ्या लांब कशाला जायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, नेमकं सहा वाजता.

सांचीला यशवंत पहाटेच उठला. ज्या जागेचं नाव लहानपणापासून ऐकलं, तिथं तो स्तूपापुढं बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मन अगदी निवलं होतं. तंबूकडं परतला, तर प्रभुचा हात यशवंताच्या पिशवीत.

"काय हुडकतोस?"

"टॉवेल बघत होतो की."

प्रभुचा टॉवेल प्रभुच्याच गळ्यात होता. यशवंतानं नुसती पिशवी बंद केली. तपासनीस घाई करत नसतो.

चंबळच्या पुलापाशी थांबले तेव्हा ते दोघं शेगडीजवळ कन्नडमधून बोलत होते. अक्कलकोटच्या मार्गावर आठ वर्षं काढलेल्या यशवंताला तेवढं कन्नड कळत होतं. "अवंगे हेळब्याड," प्रभु म्हणाला. त्याला सांगू नको. आणि आधी एक शब्द होता, 'गुळिगी'. म्हणजे गोळी. थोड्या वेळानं प्रभुनं चहाचा कप आणून दिला. यशवंतानं तो तंबूमागं ओतला. तिथून पुढं दोघांनी घास घेतल्याशिवाय त्यानं ताटाला हात लावला नाही. पिशवी उशाला घेऊन झोपू लागला. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि ह्यांना आपल्याला गोळी कशापायी द्यायची असेल? कारण सापडत नव्हतं, म्हणून तर जास्तच भीती वाटत होती.

एक गोष्ट मात्र त्यानंही कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या एका गोळीनं त्याला सारखं लघवीला जावं लागायचं. घडीघडी गाडी थांबवायची लाज वाटून त्यानं ती गोळी सोलापूर सोडल्यापासूनच बंद केली होती. पाय सुजले होते. पायमोजे काढत नव्हता, म्हणून कुणाला दिसत नव्हते.

खिंडीच्या अलीकडं तीर्थन नदीच्या खोऱ्यात पोचले. काचेसारखं पाणी, वर देवदारांचं रान. सकाळी तिघं धबधबा बघायला चढू लागले. शंभर पावलांत यशवंताचा दम कोंडला. तो दगडावर बसला, ओठ निळसर झाले. प्रभुनं खाली वाकून त्याचा पायमोजा ओढला. घोट्याजवळ बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला.

"गोळ्या कवापासून बंद केल्यास बे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पिशवीतली पाकिटं मोजतोय मी रोज! कमीच होईनात. तुला विचारावं तर तू भडकणार. चांगुणावहिनी रोज सहाला फोन करतात, त्यांना काय सांगू मी? खोटं बोलून बोलून थकलो की!"

गुरुशांत हळूच म्हणाला, "तू गुळिगी घेत नाहीस, असं चंबळपाशी मीच ह्याला म्हणत होतो."

 दोघांनी यशवंताला दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं.

खालच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि बजावलं, आणखी उंचावर जायचं नाही. खाटेवरूनच यशवंतानं फोन लावला. "चांगुणा, गोळी मी बंद केली होती. प्रभुवर रागावू नको."  पलीकडून रडू आवरत ती म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं. घरी या आधी, मग बगते."

दुसऱ्या दिवशी गुरुशांत एकटाच भाड्याच्या जीपनं खिंडीवर जाऊन आला. प्रभु मात्र गेला नाही. दिवसभर खाटेशेजारी बसून मोसंबी सोलत राहिला. यशवंतानं एकेक फोड खाल्ली, न बघता.

संध्याकाळी गुरुशांतनं मोबाईलवर फोटो दाखवले. बर्फ, धुकं, देवळाचं उतरतं छप्पर. यशवंतानं चष्मा पुसून ते दोनदा बघितले.

"छान हायत," तो म्हणाला. "पण खिंडीचं नाव लिहिलेली पाटी कुटं दिसत न्हाय ती?"