घरच्या कोंबडीला कसला रोग

मोबाईलवर बर्ड फ्लूची बातमी फिरायला लागली, आणि आमच्या मिरजगावात चिकनवाल्यांवर माशा मारत बसायची वेळ आली. ही साथ माणसांत शिरली तर पुन्हा सगळं बंद, असं जो तो सांगत होता. माझी झोप उडाली. कोरोनात माझे वडील गेले, तेव्हा त्यांचं तोंडही मला बघायला मिळालं नव्हतं. त्यामुळे "काही होत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. नवरा हसायचा. "हिला कुणी शिंकलं तरी साथ दिसते," म्हणायचा. दिसते, मग काय करू?

गंमत म्हणजे, दुकानातलं चिकन बंद करणाऱ्या घरांतच परसातल्या कोंबड्या खुशाल चुलीपर्यंत फिरत होत्या. पोल्ट्रीची कोंबडी म्हणजे रोग, घरचीला कसला रोग! आमच्या सासूबाई त्यात पहिल्या.

एका सकाळी त्यांची तांबडी कोंबडी पंख पाडून बसली. आमच्याकडे कोंबडी अशी मलूल झाली की मरायच्या आत कापतात, म्हणजे वाया जात नाही. सासूबाईंनी सुरी मागितली आणि मी ओरडलेच. माझी पहिलीतली मुलगी कालच त्या कोंबडीला मांडीवर घेऊन दाणे भरवत होती, आणि आज पोरीचं अंग कोमट लागत होतं.

"मानमोडी हाय ती. दरसाल येती. तुझ्या मोबाईलला काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, हात लावू नका. मी जनावरांच्या दवाखान्यात फोन करते."

"कर. म्हंजी समद्या कोंबड्या मारून पोत्यात घालून नेत्याल. माझं म्हणून तेवढंच हाय या घरात."

ते खरंच होतं. सासरे गेल्यावर शेत आणि घर मुलाच्या नावावर झालं, कोंबड्या तेवढ्या त्यांच्या राहिल्या. फोन हातात धरून मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. मग केला.

मास्क आणि हातमोजे घातलेली माणसं आली तोवर कोंबडी मेली होती. ती त्यांनी तपासायला नेली आणि बाकीच्या कोंडून ठेवायला सांगितल्या. आळीने आमच्याकडे येणंच टाकलं. मुलीला ताप चढला. सरकारी दवाखान्यात मी कोंबडीचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या नाकातला नमुना घेतला, औषध दिलं, घरात वेगळं ठेवा म्हणाले. मला बसवेना, उभं राहवेना. भाकरी तव्यावर टाकून मी तिचं कपाळ बघायला धावायचे आणि भाकरी करपायची. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण नातीच्या दाराशी बसून होत्या. सारख्या उठून साबणाने हात धुवायच्या.

शेवटी तपासणीचं कळलं. मुलीचा ताप साधा होता, तोवर उतरलाही होता. कोंबडीला मानमोडीच झाली होती, कोंबड्यांचा नेहमीचा रोग; बर्ड फ्लू नव्हता.

"बघ, उगाच सगळ्यांना घाबरवलंस," नवरा म्हणाला. मला रडू फुटलं. उगाच कसं? कळेपर्यंत कुणाला ठाऊक होतं?

आता सासूबाईही ऐकवणार म्हणून मी तयारीतच होते. त्या खुराड्यापाशी गेल्या. आणखी काही कोंबड्या मानमोडीने गेल्या होत्या, उरलेल्यांना त्यांनी लांबूनच पाणी ठेवलं.

"पुन्यांदा असं झालं तर फोन कर," त्या म्हणाल्या. "पर मला इचारू नको. मी न्हाईच म्हणंल."