परक्या पुरुषाला लाजणारा लॅपटॉप

ओमानातल्या इब्रा गावच्या जुन्या बाजारातून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जहरान बिन हमूदचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला लागून आमचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. अठ्ठावीस वर्षं आमच्या दोघांत एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ की त्याच्या दुकानातला मेलेला लॅपटॉप जिवंत झाला की त्याचा सूर मला माझ्या टेबलाशी ऐकू येतो.

जहरान मूळचा पाण्याच्या पंपांचा कारागीर. मग रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल आणि आता लॅपटॉप. तो कुठल्या शाळेत हे शिकला नाही. बंद पडलेली वस्तू उघडायची, आतलं सगळं ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडायचं आणि बसून बघत राहायचं, ही त्याची शाळा. बुटका, रुंद, डोक्यावर भरतकामाची टोपी, आणि टोपीच्या काठात खोचलेला एक बारीक स्क्रू ड्रायव्हर. तो स्क्रू ड्रायव्हर विसरून नमाजाला जातो आणि सिजद्यात कपाळ टेकताना टोचला की तिथेच आठवतो.

त्याचा नियम असा : आधी बातमी, मग बिघाड. गिऱ्हाईक आलं की बसवायचं, खजूर पुढे करायचे, कॉफी ओतायची. तू कसा, घरचे कसे, बातमी काय, पाऊसपाणी काय. गिऱ्हाइकाने कप हलवून ‘पुरे’ केलं की मगच यंत्राला हात. घाईतली माणसं चडफडतात. पण यात एक मेख आहे. कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत जहरानने लॅपटॉपची बॅटरी काढून बाजूला ठेवलेली असते आणि चालू करायचं बटण एकदा दाबून धरलेलं असतं. आत साचलेली वीज तेवढ्या वेळात निघून जाते. तीन कप होईपर्यंत निम्मे लॅपटॉप आपोआप बरे होतात. लोकांना वाटतं कॉफीचा गुण. जहरान तो गैरसमज काढत नाही.

चालू होतो पण स्क्रीन काळी, हे दुखणं तर त्याच्या हातचा मळ. दिवा लागतो का, पंखा फिरतो का, सूर वाजतो का, हे तीन प्रश्न. तिन्हींना ‘हो’ आलं की टॉर्च घेऊन तो काळ्या स्क्रीनवर तिरका उजेड पाडतो. आत पुसट चित्र दिसलं तर स्क्रीनमागचा दिवा गेला. नाही दिसलं तर मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड पोरांच्या खोडरबराने घासतो. गेल्या बावीस वर्षांत त्याने एकही यंत्र ‘जमत नाही’ म्हणून परत केलेलं नाही. हे तो स्वतः सांगत नाही. मला सांगायला लावतो.

गेल्या सप्टेंबरात, मंगळवारी सकाळी, शम्सा मास्तरीणबाई आपल्या आईला घेऊन दुकानात आल्या. शम्साबाई गावातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात. आई जुवैना सत्तरीच्या, आवाज मात्र विशीतला. भिंतीमुळे मला सगळं ऐकू येतच होतं, पण जहरानने ठोकून मला बोलावलं. बायका एकट्या आल्या असतील तर त्याला एक पांढऱ्या केसांचा माणूस शेजारी लागतो. ते काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

“बातमी काय, मावशी?” जहरानने कॉफी ओतली.

“बातमी चांगलीच होती, तुझ्या या यंत्राने घाण केली,” जुवैनाबाई म्हणाल्या. “हिची मुलाखत आहे परवा. मुख्याध्यापिकेच्या जागेची. गुरुवारी, दहाला. तीन वर्षं थांबलीय पोर त्यासाठी.”

शम्साबाईंनी शांतपणे सांगितलं. मुलाखत मस्कतहून, व्हिडिओवर. शाळा कशी चालवणार याचा आराखडा स्क्रीनवर दाखवत बोलायचं, म्हणून फोन चालणार नाही, लॅपटॉपच हवा, असं पत्रातच लिहिलेलं. आणि लॅपटॉप चालू होतो, पंखा फिरतो, सूर वाजतो आणि स्क्रीन काळी.

“कधीपासून?”

“दोन आठवडे. मैत्रिणीबरोबर मुलाखतीचा सराव करायला बसले की हमखास.”

जहरानने लॅपटॉप घेतला, चालू केला. लख्ख लागला. निळं आकाश, त्यावर शम्साबाईंच्या वर्गाचा फोटो.

“लागला की!”

“तुमच्याकडे लागतो. इकडे द्या.” शम्साबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. जहरानने लगेच तोंड फिरवलं. पासवर्ड टाकणाऱ्या बाईकडे बघायचं नसतं, आणि मुळात बाईच्या हाताकडेच बघायचं नसतं. मीही कॅलेंडर वाचू लागलो.

“गेला,” शम्साबाई म्हणाल्या.

जहरान वळला. स्क्रीन काळी. लॅपटॉप घेतला, बटण दाबलं. आकाश हजर.

पुढचा तासभर जहरानने आपली सगळी विद्या पाजळली. टॉर्च झाला, खोडरबर झाला, बॅटरी काढून तीन काय, सहा कप कॉफी झाली. त्याच्या हातात यंत्र शहाण्यासारखं वागे. बाईंकडे गेलं, आम्ही तोंडं फिरवली, की काळोख. शेवटी त्याने आपला स्वतःचा दुकानातला लॅपटॉप पुढे केला. “मास्तरीणबाई, याच्यावर टायपून बघा.” आम्ही भिंतीकडे बघितलं. चार श्वासांनी शम्साबाईंचा आवाज आला, “हाही गेला.”

जहरानचा चेहरा पडला. स्वतःचं यंत्र होतं ते.

“मी म्हणत नव्हते?” जुवैनाबाईंना एकदम तेज चढलं. “शेजारच्या सालमाचा आणला होता, तोही हिच्या हातात मेला. यंत्रांना काही झालेलं नाही, झालंय ते हिला. मुख्याध्यापिका होणार म्हणून मी गावभर सांगत सुटले. नजर लागली.”

“आई, मी विज्ञान शिकवते.”

“म्हणूनच तुला कळत नाही. आणि पोरा जहरान, आणखी एक सांगते. घरात आम्ही दोघीच असलो की हे यंत्र सुतासारखं चालतं. बाहेरचं कुणी आलं, किंवा ही व्हिडिओवर परक्यांशी बोलायला बसली, की तोंड काळं. माझं मत विचारशील तर हा लॅपटॉप परक्या पुरुषाला लाजतो.”

मी हसलो. जहरान हसला नाही. त्याने टोपीतला स्क्रू ड्रायव्हर काढला, परत खोचला. “मावशी,” तो म्हणाला, “उद्या दुपारच्या नमाजानंतर मी घरी येऊन बघतो. हे पण येतील.” हे म्हणजे मी.

दोघी गेल्यावर तो बराच वेळ माझ्या दुकानात येऊन बसला. मी म्हटलं, “एखादं दुसरं यंत्र दे त्यांना.” तो म्हणाला, “कुठलं? माझंही गेलं ना! परवा दहा वाजता मस्कतची माणसं नाव पुकारतील आणि ही बाई काळ्या काचेपुढे बसलेली असेल. गावाला काय सांगू, लाजला?”

बुधवारी आम्ही गेलो. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर बुटकं टेबल, त्यावर लॅपटॉप. खजूर आले, हलवा आला, कॉफी आली. आमच्यासाठी म्हणून शम्साबाई काळा पायघोळ अबाया घालून, डोकं नीट झाकून बाहेर आल्या. जहरानने यंत्र चालू केलं, चाललं. बाई बसल्या, आम्ही भिंतीकडे वळलो, यंत्र गेलं.

“तू वळतोस कशाला दर वेळी?” जुवैनाबाई खेकसल्या. “डॉक्टर रोग्याकडे पाठ करून औषध देतो का?”

“मावशी, माझ्या बापाने मला तसं वाढवलेलं नाही.”

“मला नाही का माहीत? हमूद रस्त्याने असा खाली बघत चालायचा की दोनदा उंटावर आपटला. पण उद्या दहाला हिचं काय करायचं ते बोल!”

जहरान घामाघूम झाला होता. बिघाड तो बघत नव्हता त्या चार श्वासांतच होत होता, हे आता त्यालाही कळलं होतं. बघावं तर रीत मोडते, न बघावं तर बाईंची तीन वर्षं वाया जातात. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन बसला आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही माझे डोळे व्हा. दिसेल ते सांगा. काही गाळू नका, काही घालू नका.”

काही गाळायचं नाही हे जुवैनाबाईंना जमलं.

“बिस्मिल्ला म्हणाली. मनातल्या मनात, पण ओठ हलले. बटण दाबलं. दिवा लागला. नाक पुसलं.”

“नाक सोडा, मावशी.”

“तूच म्हणालास गाळू नको! आलं, आकाश आलं. पोरींचा फोटो आला. तिसऱ्या रांगेतली ती अजीजाची नात…”

“मावशी, हात! हात कुठे आहेत?”

“हवेत. आता खाली आले. मनगटं टेकली यंत्रावर. गेलं! मेलं!”

“बाई, हात उचला,” जहरान भिंतीला म्हणाला. “बटण दाबा.”

“उचलले. आलं!” जुवैनाबाई ओरडल्या. “हात ठेवते बघ पुन्हा. गेलं! अरे देवा, हिच्या मनगटातच आहे ते! उद्याच जाऊन मुल्लाकडून मंतरलेलं पाणी…”

“थांबा.” जहरानचा आवाज बदलला. त्याची पाठ ताठ झालेली मला शेजारून दिसली. “बाई, नमाजाआधी वजूला हात धुताना करता तशा बाह्या कोपरापर्यंत वर करा. आणि आता उघडी मनगटं टेकवा.”

जहरानने कान टवकारले.

“मावशी, सांगा ना!”

“काय सांगू? चालू आहे. आकाश आहे, अजीजाची नात आहे, सगळं आहे.”

“हा अबाया नवा का?”

“नवा म्हणजे? गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी बायकांच्या बाजारातून शिवून आणला. मुलाखतीसाठी खास. जरी बघ केवढी… नको, तू बघू नको. मोठी सोय आहे रे बाहीत. वजूच्या वेळी बटणं काढत बसायला नको, बाही ओढली की उघडते, दाबली की आपली आपण चिकटते.”

“आपली आपण चिकटते,” जहरान हळू म्हणाला. “मावशी, हलव्याचा चमचा बाहीजवळ न्या.”

मी न राहवून मान वळवली, ती चूक मी कबूल करतो. चमचा टुणकन उडून शम्साबाईंच्या बाहीला लटकला होता.

मग जहरानने भिंतीकडे तोंड करूनच समजावलं. लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेत एक लहान चुंबक असतं. खालच्या अंगात, हात टेकतात तिथे, एक ठिपक्याएवढा भाग त्याची वाट बघत असतो. झाकण मिटून चुंबक जवळ आलं की तो यंत्राला सांगतो : मालकाने झाकण मिटलं, स्क्रीन मालव. बाईंच्या बाहीत शिंपिणीने चुंबक शिवलं होतं. बाई मनगट टेकवत, यंत्राला वाटे झाकण मिटलं. घरात दोघीच असताना अबाया नसे, म्हणून यंत्र चाले. परका आला की अबाया, मुलाखतीचा सराव असला की अबाया, अबाया आला की चुंबक, चुंबक आलं की काळोख.

“म्हणजे माझंच खरं,” जुवैनाबाई म्हणाल्या. “परक्या पुरुषाला लाजत होता.”

शम्साबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. विज्ञानाच्या बाई होत्या. चुंबकाचा धडा त्या दर वर्षी शिकवत. “पोरींना कळलं तर मला वर्गात उभं राहू देणार नाहीत,” म्हणाल्या.

जहरानचा सल्ला सोपा होता : उद्या जुना अबाया घाला. पण तिथे मायलेकींचं जुंपलं. जुन्याच्या बाह्या विटलेल्या. आराखडा समजावताना हात वर होणार, मस्कतच्या बायका बाह्या बघणार. चुंबक उसवावं तर जरीचं काम फाटणार, बाह्या वर साराव्या तर परक्यांपुढे हात उघडे पडणार. जहरान दारात चपला घालत म्हणाला, “बाह्या टेबलापासून वर ठेवा म्हणजे झालं,” आणि आम्ही निघालो.

गुरुवारी दहा वाजता जहरानने कुणालाही कॉफी दिली नाही. एका माणसाने पंखा आणला होता, तो त्याने उलटा उघडला. साडेअकराला जुवैनाबाई एकट्याच आल्या, उजवा खांदा दाबत. मी भिंतीच्या ठोक्याची वाट न बघता गेलो.

“काय झालं, मावशी?”

“होणार काय? बोलताना हिचे हात खाली येणारच, मला ठाऊक होतं. म्हणून मी टेबलाशी खाली बसले, स्क्रीनमध्ये दिसणार नाही अशी, आणि दोन्ही बाह्या कोपराशी धरून ठेवल्या. एक तास. पोर बोलतेय, आराखडा दाखवतेय, यंत्र लख्ख चालू. शेवटी तिथल्या मोठ्या बाईंनी विचारलं, पालक भांडायला आले तर काय कराल? ही लागली सांगायला, अमका नियम, तमकी समिती, लेखी तक्रार…”

“मग?”

“मला राहवेना. म्हटलं, अगं आधी बसायला सांग त्यांना! उभ्याने भांडण वाढतं.”

जहरानने कपाळावर हात मारला. “मोठ्याने म्हणालात?”

“मी हळू कधी बोलते? मग त्या मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्याजवळ कोण आहे? ही लाल झाली. म्हणाली, आई आहे, माझ्या बाह्या धरून बसलीय. का, ते सांगावं लागलं. सगळं सांगितलं, चमच्यासकट. पाच जण होते तिकडे. एका बुवाने तोंडावर रुमाल धरला. आणि त्या बाईंनी, खरं सांगते, आपल्या अबायाची बाही आपल्या लॅपटॉपला लावून बघितली.”

“मग?”

“त्यांच्याही बाहीत चुंबक! तिकडूनच काळं झालं. दोन मिनिटं गायब होत्या त्या.”

जहरान खाली बसला आणि हसता हसता त्याची टोपी पडली. पण डोळ्यांत काळजी होती ती मला दिसली. हसवलं खरं, पण जागा मिळेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे अठरा दिवस तो रोज शाळेच्या बसच्या वेळी दाराशी येऊन उभा राहायचा आणि शम्साबाई दिसल्या की खाली बघायचा.

एकोणिसाव्या दिवशी जुवैनाबाई पत्र घेऊन आल्या. शम्साबाईंची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली होती. जहरानने पत्र दोनदा वाचलं, मला दिलं, माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं.

“नीट बघ,” जुवैनाबाई म्हणाल्या. “खांदा अजून दुखतोय माझा. पालकांचं उत्तरही मीच दिलं. आणि एवढ्या मोठ्या पत्रात माझं नाव कुठे आहे का?”