सिंधुमावशीचं औषध

चाकूरच्या बाहेर मृत्युंजय सरांचं बायकांसाठी व्यसनसुधार केंद्र आहे. तिथल्या किल्ल्या सिंधुमावशीच्या कमरेला असतात. एके काळी हीच कुलपं तिच्यावर लागली होती. धर्माबादकडची सिंधू शिंदीच्या नशेपायी घरदार विसरली, तेव्हा नवऱ्याने हातपाय बांधून तिला इथं आणून टाकलं. तिने दार बडवलं, शिव्या घातल्या आणि शेवटी बरी झाल्याचं नाटक केलं. नाटक करता करता शिंदी खरंच सुटली. तोवर नवऱ्याने दुसरी केली होती, म्हणून ती इथंच राहिली. कोंडून माणूस सुधरत नाही, असं कुणी म्हटलं की मावशीला पटत नाही. सुधरतो म्हटलं, तरी पटत नाही.

मग नायगावच्या गुरुलिंगअप्पांनी आपली दीपमाला आणली. व्यसन कसलंच नव्हतं. पोरगी शर्ट-पँट घालायची, केस बारीक ठेवायची आणि स्वतःला शिवम म्हणवायची, एवढाच तो रोग.

"हिला बाईसारखी करून द्या," गिरणीत दळणाचा डबा ठेवून जावं तसं अप्पा म्हणाले. "सोयरीक जुळून राहिली."

पोरीने साडी फाडली. सरांनी आधी जेवण तोडलं, मग गोळ्या लावल्या. ती भिंतीला टेकून बसायची, तोंडातून लाळ गळायची. गोळ्या मावशीच द्यायची. आज तिला याची लाज वाटते, तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

एकदा भाकरी थापता थापता मावशीने हळूच हाक मारली, "शिवम."

पोरीने चटकन वर पाहिलं.

"भांडून इथंच मरशील बघ. नाटक कर. पदर घे, सांगतील त्याला हाव म्हण, कुंकू लावून घे. घरी गेलीस की संधी बघून निघ. मी बी नाटकच केलं व्हतं."

"मला जमंल का, मावशी?"

"न जमायला काय झालं? मी शिकवते की."

आणि शिकवलं. निऱ्या कशा धरायच्या, नजर कुठं ठेवायची, हसू आलं तर ओठ कसे मिटायचे. गोळ्या बंद झाल्या. केंद्राच्या अंगणातच सोयऱ्यांनी कुंकू लावून लग्न पक्कं केलं, ओटी भरली. दीपमालाचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मावशीने तिच्या पिशवीत साड्यांखाली शर्ट-पँट दडवली.

"मावशी, तुमचं औषध लागू पडलं," सर म्हणाले. मावशी मनात हसली.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला दीपमाला नवऱ्याबरोबर पेढे घेऊन आली. तो सरांपाशी बसला, ती स्वयंपाकघरात आली. पिशवीतून तिने शर्ट-पँट काढून ओट्यावर ठेवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मावशीने घडीवरून हात फिरवला. "गेली न्हाईस? अगं, नाटकच करायचं व्हतं ना!"

"करूनच राहिले की." दीपमालाने पदर सारखा केला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "बंद कसं करायचं, ते तुम्ही शिकवलंच न्हाई, मावशी."

मावशीला स्वतःला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

"मावशी!" बाहेरून सरांची हाक आली. "देगलूरहून एक पोरगी आलीय. तशीच हाय. तुमच्याच हाताखाली देतो."

मावशीने शर्ट-पँट फडताळात ठेवली, एक धुतलेली साडी काढली आणि कमरेची किल्ली चाचपत निघाली.