बॅनरवरून उतरलेले चेहरे

वसमतच्या बसस्टँडकडून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला जगन राठोडचं फ्लेक्सचं दुकान लागतं. आसपासच्या गावांत कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो की कुणाचं दहावं असो, बॅनर बहुतेक जगनकडूनच निघायचा. कुणाचा चेहरा केवढा करायचा, कुणाला वरच्या ओळीत बसवायचं आणि कुणाला तळाच्या गोल चौकटीत, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पुढारी असेल तर फोटो खालून काढलेला, कानाला मोबाइल, डोळ्यांवर गॉगल, मागे निळंभोर आभाळ. आणि एकही चेहरा गाळायचा नाही, कारण गाळलेला माणूस रुसतो आणि गिऱ्हाईक तुटतं. हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता. इतकी वर्षं त्याने तो इमानाने पाळला आणि त्याच नियमाने त्याच्या बायकोचं काम बुडवलं.

शिला, त्याची बायको, तांड्यावरच्या बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या बायकांनी आपल्या शेतातली हळद शिजवून, वाळवून दळायला सुरुवात केली होती. त्यासाठी एक छोटी चक्कीही घेतली होती. महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत त्यांना मांडव मिळाला, तेव्हा जगनने हौसेने बॅनर केला. गटातल्या सगळ्या बाया गोल चौकटींत, वर देव, बाजूला सरपंच. जगनची आई मिराबाई सगळ्यांत वडील, म्हणून तिचा चेहरा सगळ्यांत मोठा. मागचा रंग पिवळाजर्द. हळदीचं पाकीट कोपऱ्यात, जागा उरली तेवढं.

यात्रा उरकून शिला परतली ती तोंड फुगवूनच. पोती तशीच परत आली होती.

"काय झालं?" जगनने विचारलं.

"लोकं येऊन इचारून राहिले, बाया कोणत्या वार्डातून उभ्या हायेत म्हणून. एका म्हातारीनं तर बॅनरला हात जोडले. म्हणली, बिचाऱ्या! सगळ्या एकाच गाडीत होत्या का?"

जगनला हसू आलं. शिलाला आलं नाही.

"हसा तुमी. श्रावणातल्या सोमवारांना परत जागा भेटणार हाय. तवा बी असंच झालं तर चक्की विकून टाकू म्हणून राहिल्या बाया. रखमा तर आत्ताच गिऱ्हाईक पाहून राहिली."

बायकोचा राग जगनने पुष्कळदा अंगावरून जाऊ दिला होता. हा गेला नाही. हळद चांगली होती, बाया राबल्या होत्या, जागा मोक्याची होती. वाईट होता तो एकटा बॅनर. आणि बॅनर त्याचा होता.

त्याच आठवड्यात प्रियदर्शनी मॅडम दुकानात आल्या. त्या वसमतच्याच कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना जाहिरातशास्त्र शिकवत. कॉलेजच्या कार्यक्रमाचं जगनने केलेलं पोस्टर पाहून त्यांनी पाहुण्यांचे फोटो काढून टाकायला लावले, मग फुलांची वेलबुट्टी, मग मागचं आभाळ. उरली एक पणती.

"मॅडम, रिकामं दिसून राहिलंय," जगन म्हणाला.

"तुमची नजर कुठे जातेय?"

"पणतीवर."

"मग झालं की!"

जगनने माउस खाली ठेवला. "मॅडम, तुमच्या वर्गात मागं बसलो तर चालंल का?"

त्यांना वाटलं, गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी हा खरोखरच इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर हजर. पोरं त्याला ओळखत होती. निम्म्यांच्या वाढदिवसाचे बॅनर त्यानेच केले होते. "जगनभाऊ, परीक्षेला बसणार का?" कुणीतरी ओरडलं. "बसंन की. तू कॉपी दिली तर," तो म्हणाला, आणि वर्ग हसून मोकळा झाला.

मॅडम शिकवायच्या ते सोपं होतं, पण आजवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा लांब उभा केला की माणूस कुठे आहे ते कळतं. कमरेपर्यंत आणला की तो काय करतोय ते कळतं. अगदी जवळ नेला की त्याला काय वाटतंय ते कळतं. खालून पाहिलं की माणूस मोठा होतो, वरून पाहिलं की बापुडा. जाहिरातीतली अक्षरं हाताने झाका, मॅडम म्हणायच्या, आणि नुसतं चित्र काय सांगतंय ते बोला.

जगनने हे मनावर घेतलं. बसमध्ये बसला की रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं तो हात धरून झाकायचा. शेजारच्याला वाटे, ऊन लागतंय. घरी साबणाचं वेष्टण, चहाचा पुडा, बियाण्याची पिशवी, सगळं त्याच्या तपासणीतून जाऊ लागलं. बियाण्याच्या पिशवीवरचा शेतकरी हसतोय तो कणसाकडे बघून, आपल्याकडे बघून नाही. म्हणून आपणही कणसाकडे बघतो! हे उमगलं त्या दिवशी त्याने शिलाला चुलीपासून ओढत आणून ती पिशवी दाखवली.

"भाकर जळून राहिली," शिला म्हणाली. पण जाता जाता एकदा वळून पिशवीकडे बघून गेली.

उन्हाळ्यात नवी हळद दळून झाली, तेव्हा त्याने कॅमेरा काढला. लग्नाच्या फोटोंसाठी घेतलेला तो कॅमेरा चांगला होता. चक्कीजवळ मिराबाई परातीत हळद चाळत बसली होती. अंगावर आरशांचा गडद लाल फेटिया, तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायका घालतात तसा घेरदार घागरा. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

सवयीने जगन जमिनीवर आडवा झाला आणि खालून फोटो काढला. पाहिला तर मिराबाई सभेत भाषण करायला उभी राहिल्यासारखी. मग तो बाजेवर चढला आणि वरून काढला. आता तीच मिराबाई कुणापुढे तरी परात पसरून मागायला बसली होती. त्याची आई यातली कुणीच नव्हती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला, कॅमेरा परातीच्या काठाला टेकवला आणि फक्त हात घेतले.

मिराबाईने स्क्रीनवर पाहिलं. "मुंडकं कुठं गेलं?"

"याडी," तो आईला म्हणाला, "मुंडकं नकोच हाय यात."

"काहून? मेल्यावर बी माणसाचा पुरा फोटो लावतेत. मी तर जित्ती हाय!"

गटातल्या बाया जमल्या. रखमा म्हणाली, "आमचे फोटो काढून टाकता, आन हात तेवढे तुमच्या आईचे व्हय? ही चांगली वाटणी हाय."

शिलानेही नवऱ्याची बाजू घेतली नाही. "गट सगळ्यांचा हाय. बायांना पटंल तसंच व्हईल," ती म्हणाली.

जगन चिडला नाही, मागेही हटला नाही. दुकानात बसून त्याने नवा बॅनर उभा केला. पहिल्यांदा त्याने नेहमीसारखा फोटोतल्या हळदीचा रंग भडक केला आणि ती लिंबासारखी झाली. वसमतच्या बाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस तो. असल्या पिवळ्याला इथलं गिऱ्हाईक रंग घातलेली हळद म्हणून नाक मुरडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या बॅनरच्या वेळी हे त्याला सुचलंच नव्हतं. त्याने रंग परत उतरवला, भगव्याकडे झुकणारा, होता तसा. मागे आईच्या फेटियाचा गडद लाल. त्या लालावर हळद अशी उठून आली की तोच खुर्चीत मागे सरला.

मग त्याने दोन्ही बॅनर तांड्यावर नेले आणि कडुलिंबाखाली शेजारी शेजारी बांधले. बाया भोवती उभ्या राहिल्या. देवला, त्याचा म्हातारा चुलता, शेळ्या घेऊन येत होता. त्याला वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

"काका, हे काय हाय?" जगनने जुन्या बॅनरकडे बोट केलं.

देवलाने डोळे बारीक केले. "कुणाचा तरी वाढदिवस. जेवण हाय का?"

बाया हसल्या. जगनने दुसऱ्याकडे बोट केलं. "आन हे?"

देवला नव्यापाशी गेला. त्याने हातांतल्या पांढऱ्या बांगड्या निरखल्या. "ही तर आपली मिरा वयनी. हळद चाळून राहिली." मग वळून मिराबाईला म्हणाला, "वयनी, यंदाची हळद लई बारीक काढली की!"

ओढणी सावरून मिराबाई बॅनरच्या अगदी जवळ गेली आणि आपल्याच हातांकडे बघत उभी राहिली. "नखं तेवढी साफ करून घ्यायला पायजे होती," ती म्हणाली.

रखमा अजून घुश्शात होती. तिने विचारलं, "आन आमी?"

"पाकिटावर गटाचं नाव हाय. ते सगळ्यांचं," शिला म्हणाली. "आन पुढच्या बॅनरवर तुझे हात." रखमाने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी औंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जगन मांडवात थांबला नाही. समोरच्या चहाच्या टपरीला टेकून तो लोकांच्या नजरा बघत राहिला. बरेच जण दर्शनाच्या घाईत सरळ निघून गेले. तरी तो जागचा हलला नाही. मग वाशिमकडची एक बाई चालता चालता बॅनरकडे बघून थबकली. तिची नजर हातांवरून परातीत उतरली आणि परातीतून खाली मांडलेल्या पाकिटांवर. ती मांडवाशी गेली आणि तळहात पुढे केला. मिराबाईने चिमूटभर हळद त्यावर ठेवली. बाईने ती अंगठ्याने घासली, वास घेतला आणि मागच्या जावेला हाक मारली. जाव आली, जावेच्या मागे आणखी दोघी. कोणत्या वार्डातून, असं कुणी विचारलं नाही.

दुपार कलायच्या आत शिला गर्दीतून वाट काढत टपरीशी आली. हात कोपरापर्यंत पिवळे.

"उभं काय राहिलात? वसमतला जा. चक्कीचा पट्टा लई ढिला झालाय, नवा आणा. पुढच्या सोमवारला दुप्पट दळावं लागंल."

"बाया काय म्हणतेत? चक्की विकायची का?"

"रखमालाच इचारा," शिला म्हणाली. मांडवात रखमा एका गिऱ्हाइकाला बॅनरवरचे हात दाखवून काहीतरी समजावत होती.

जगनने चहाचा ग्लास ठेवला आणि बसस्टँडकडे निघाला.