सुमनआत्याचा राजगिरा

घोडेगावच्या बाजारात मी आरोग्य केंद्राची, ‘रोज एक पालेभाजी’ असं छापलेली पत्रकं वाटत होते. तेवढ्यात एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. डिंगोऱ्याहून निरोप होता, सुमनआत्या गेली... अंगात रक्त उरलं नव्हतं. जीपमध्ये घालतानाच धाप लागली होती, दवाखान्याचं दार तिनं पाहिलंच नाही. माझ्यासमोर मेथी, शेपू, चाकवताचे ढीग लागले होते आणि माझी आत्या रक्त नाही म्हणून मेली होती. महिना होऊन गेला. ‘तिचं तेवढंच आयुष्य होतं’ असं कुणी म्हणालं की अजून अंगाची लाही होते. तेवढंच नव्हतं.

वडिलांची ही धाकटी बहीण दुसऱ्यांच्या शेतात मेथी उपटून जुड्या बांधायची. दिवस कलला की मालकीण म्हणायची, “ने गं सुमन, राहिल्यात त्या काड्या.” बाकीच्या बाया पदरात घ्यायच्या. आत्या हात झटकून घरी यायची. आमच्या आजीनं लहानपणी दारोदारचे शिळे तुकडे आणले होते. आमची माणसं बौद्ध झाली तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं, उरलंसुरलं घ्यायचं नाही. आत्यानं ते जन्मभर पाळलं. कधी विकतची भाजी आणलीच तर ती मुलाच्या ताटात जायची. हिच्या भाकरीवर लसणाची चटणी.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पालेभाजी खायला सांगितली. गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिनं त्या बंद केल्या. मी भांडले. “दिवसभर मेथीत हात घालतेस आणि पोटात एक पान नाही!”

“उरलेलं खाऊनच जगायचं व्हतं तर माझ्या आईनं येवढं कशापायी सोसलं?”

मग मी म्हटलं, स्वतःची लाव. न्हाणीच्या पाण्यावर परसात एक वाफा होईल. हे तिला पटलं. “माझ्या मातीतली खाईन.” तिनं राजगिरा टाकला आणि तो काय माजला! लाल-हिरवा, गुडघ्याएवढा. मला वाटलं, जिंकलो.

पहिली खुडणी सुनेला, वैशालीला. ती गरोदर होती, ठीकच. दुसरी जुडी आत्या थेट मालकिणीच्या दारात घेऊन गेली. मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, “बघायचं व्हतं, आपल्या घरचं घेत्यात का.”

घेतलं. दुसऱ्या दिवशी शेतात सगळ्यांदेखत मालकीण बोलली, “सुमन, तुझा राजगिरा लई ग्वाड गं! आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतला.” झालं! त्या दिवसापासून एकेक खुडणी घराबाहेर जायला लागली. जुड्या बांधणाऱ्या बायांना, बालवाडीच्या बाईंना, आल्यागेल्या पाहुण्याला. “आपुन देनारे झालो गं पोरी!” असं म्हणताना तिचा पांढराफटक चेहरा उजळून निघायचा. मी विचारायचे,

“आणि तू? तू खाल्लीस का?”

“खाल्ली की.”

खाल्ली नव्हती. वैशाली आता सांगते, घरात काही उरलंच तर सगळ्यांचं होईपर्यंत कढई रिकामी व्हायची. मग आत्या भाकरीच्या तुकड्यानं ती पुसून घ्यायची. जिनं दुसऱ्यांचं उरलेलं कधी घेतलं नाही, ती स्वतःच्या घरात उरलेल्यावर जगत होती... आणि याला कुणी अपमान म्हणत नव्हतं. प्रेम म्हणत होते. आमच्या रंगीत पत्रकात लोह आहे, जीवनसत्त्वं आहेत. बाईनं जेवायला कधी बसायचं, ते नाही. हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं? ताट वाढलेलं असताना बघा जरा. नंतर बघून काही उपयोग नाही, मी सांगते.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी मालकीण आली. पदराखाली मेथीची जुडी, ताजी, पहिल्या उपटणीची. दारातच उभी राहिली, आत यावं की नाही कळेना. मीच पुढे झाले. “आमच्यात उरलेलं घेत नाहीत.”

“उरलेली न्हाई पोरी. निवडून आणली,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

वैशाली बाळाला माझ्या मांडीवर टाकून उठली. जुडी घेतली. “मलाबी रक्त कमी सांगितलंय,” एवढंच बोलली. मग मालकिणीला म्हणाली, “वहिनी, आत या. बसा. शिजंस्तवर जायचं न्हाई. आमच्यात जेवून जा.”

मालकीण आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. वैशालीनं तिला वाढलं आणि त्याच पंगतीत स्वतःचंही ताट मांडून घेतलं. वैशालीचा नवरा दारात येऊन म्हणाला, “मला?”

“बसा की. हातानं घ्या.”

वैशाली जेवत होती आणि डोळ्यांतलं पाणी भाकरीवर गळत होतं. मध्येच तिचा हात थांबला. मी म्हटलं, “खा.” पुन्हा थांबला, पुन्हा म्हटलं. बाळ रडत होतं, पाय झाडत होतं. मी त्याला तसंच धरून ठेवलं आणि तिचं ताट रिकामं होईपर्यंत त्यावरून नजर काढली नाही.