नवखेपणाची इंग्रजी नावं

नव्या हेल्मेटला एक उग्र, गोडसर वास असतो आणि पौषातल्या कोवळ्या उन्हात तो अधिकच दरवळतो. कोरपन्याकडच्या आमच्या सिमेंट कारखान्याच्या फाटकाशी त्या सकाळी हिरवं, कोरं हेल्मेट माझ्या हातात आलं, तेव्हा भोवतालच्या तुरीच्या पिवळ्या फुलांवर राखाडी धूळ बसलेली होती. आमच्याकडे हिरवं हेल्मेट नवख्याचं. कंत्राटदार बदलला की साऱ्यांची भरती नव्याने होते आणि जुना अनुभव जुन्या कंत्राटदाराबरोबर निघून जातो. म्हणजे भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये सहा वर्षं काढूनही माझे पहिले पाढे पंचावन्न.

इंग्रजीने नवखेपणाला नावं मात्र मोठी रुबाबदार दिली आहेत. पदविका हाती आली तेव्हा मी फ्रेशर होते. त्या शब्दाला नुकत्याच धुतलेल्या कापडाची प्रसन्नता वाटायची. मग अप्रेंटिस झाले, मग ट्रेनी, आणि आता पुन्हा ट्रेनी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे संपता संपेनात. "किती वर्सं शिकूनच राह्यली वं तू?" आई परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुयासंगच्या पोट्ट्यायची लेकरं शाळेत जाऊन राह्यली." मी हसले, पण राग आला, आईचा नव्हे, त्या इंग्रजी शब्दांचा. सोडून जावं तर कुठे? शेत केव्हाच चुनखडीच्या खाणीत गेलं, आणि आमचं घर कारखान्याच्या भोंग्यावर उठतं, भोंग्यावर जेवतं.

तरीही त्या दिवशी मी ठरवून गेले होते. नवे मॅनेजर पाहणीला येणार होते. त्यांना स्पष्ट सांगायचं, कागदावर ट्रेनी असले तरी सहा वर्षं भट्टी मीच चालवतेय, मी ऑपरेटर आहे, त्याच कामावर घ्या, नाहीतर मी चालले. आठवडाभर ते वाक्य मनात घोळवलं होतं.

हिरव्या हेल्मेटने भट्टीपाशी एकटं जायचं नाही, जाणत्याच्या मागून चालायचं, असा नियम आहे. मला दिलेली जाणती म्हणजे संजना, गेल्या वर्षी मीच शिकवलेली आणि आता कायम नोकरीत लागलेली. "ताई, तुमीच व्हा पुढं, मले कसंतरीच वाटते," ती हळूच म्हणाली. मी मान हलवून तिलाच पुढे केलं. भट्टीची धग गालांना लागत होती, आणि तापलेल्या चुन्याचा तो कोरडा वास, जो आता माझ्या केसांतूनही जात नाही.

मॅनेजर समोरून आले. माणूस वाईट नव्हता, थांबले, माझ्या चेहऱ्याकडे पाहून आपुलकीने विचारलं, "तुम्ही काय काम करता?" संजनाने आशेने वळून पाहिलं.

"ट्रेनी आहे, सर," मी म्हणाले.

कुणी दटावलं नव्हतं, कुणी घाई केली नव्हती. ते मान डोलावून पुढे गेले. संजना चालू लागली, आणि मीही तिच्यामागून निघाले, जरा अंतर ठेवून. ते अंतर ठेवायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.